बाबेलच्या नहरींवर

तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलावाखाली ज्यांच्या बांध्या आहेत, त्यांना पाण्याचं मोल कुणी समजावून सांगायला नको. नहरीला पाणी कधी सुटणार, शेवटच्या बांधीपर्यंत कधी पोहोचणार, ठेक्याने केलेल्या जमिनीचं धान कुणी किती उचलायचं, ही बोलणी इथे रोवणीपासून कापणीपर्यंत चालू असतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराकमध्ये नेमकी याच विषयांवरची लिखापढी ओल्या मातीच्या पाट्यांवर होत होती. त्यांतल्या काही पाट्यांवर जी कुळं आहेत, ती बायबलमधल्या सर्वांत मोठ्या आपत्तीतून वाचलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं आहेत.

या पाट्या दोनशेच्या आसपास आहेत. त्या रीतसर उत्खननात सापडल्या नाहीत, पुराणवस्तूंच्या बाजारातून खासगी संग्रहांत आल्या. त्यामुळे त्या कुठल्या ढिगाऱ्यातून उपसल्या हे सांगता येत नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ही कायमची खोट आहे. त्यांतल्या शंभरावर पाट्या लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ साली वाचून प्रसिद्ध केल्या. सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची, सर्वांत अलीकडची ४७७ ची. एका गावाचं नाव पुनःपुन्हा येतं: आल-याहुदू, म्हणजे यहूदाचं गाव. तिथले लोक राजाची जमीन कसतात, बदल्यात कर देतात आणि सैनिकी चाकरीचा भार उचलतात. खजूर झाडावर असतानाच पिकाचा अंदाज बांधून सारा ठरतो. जव उसने घेतले जातात, चांदी व्याजाने फिरते. अहिकाम नावाचा एक गृहस्थ अनेक पाट्यांवर भेटतो. त्याच्या बापाचं नाव रफा-यामा, आणि अहिकामच्या मुलांनी वाटणी केली तिचाही कागद, म्हणजे अर्थात पाटी, शिल्लक आहे. दुसऱ्या एका पाटीच्या कडेवर शेलेमया हे नाव बाबेली, म्हणजे बॅबिलोनच्या, खिळाक्षरांत न लिहिता जुन्या हिब्रू अक्षरांत कोरलेलं आहे. सरकारी दस्तऐवज परक्या लिपीत, पण कडेला आपलं नाव आपल्या अक्षरांत. बाबेलच्या कैदेबद्दल शेकडो पानं लिहिली गेली आहेत, पण ही कड मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

हे लोक तिथे पोहोचले कसे, ती हकिगत आता सांगायला हवी.

यहूदा हे जेरुसलेमभोवतीचं लहानसं डोंगरी राज्य. नैऋत्येला मिसर, ईशान्येला मेसोपोटेमियातली जी कोणती सत्ता जोरात असेल ती, आणि दोघांच्या लष्करी वाटेत हे राज्य. आधी जोर अश्शूरचा होता. अश्शूरने इ.स.पू. ७२० च्या सुमारास उत्तरेकडचं इस्राएल राज्य संपवलं, तिथली माणसं आपल्या साम्राज्यात ठिकठिकाणी पांगवली आणि बाहेरची माणसं आणून तिथे वसवली. ती उत्तरेकडची वंशकुळं इतिहासात पुन्हा ओळखू येत नाहीत. मग इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेल आणि माद्य यांनी मिळून अश्शूरची राजधानी निनवे पाडली. ६०५ मध्ये युवराज नबुखद्नेस्सर याने कर्कमीशच्या लढाईत मिसरी सैन्याला उधळलं आणि त्याच वर्षी तो बाबेलच्या गादीवर बसला. यहूदाचा राजा यहोयाकीम आधी त्याचा मांडलिक झाला, नंतर खंडणी बंद करून मोकळा झाला. लहान राज्यांनी करू नये ती चूक हीच.

पुढचं वर्णन दोन्ही बाजूंनी मिळतं, आणि प्राचीन इतिहासात असं फार क्वचित घडतं. ब्रिटिश म्युझियममधली बाबेलची एक बखर डी. जे. वाइजमन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षी त्याने यहूदाच्या शहराला वेढा दिला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतलं, राजाला धरलं आणि आपल्या पसंतीचा राजा नेमला, अशी कोरडी नोंद तीत आहे. आपल्या कालगणनेत तो दिवस १६ मार्च इ.स.पू. ५९७ असा येतो. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात हीच घटना आहे. धरून नेलेला तरुण राजा म्हणजे यहोयाकीमचा मुलगा यहोयाखीन, आणि गादीवर बसवलेला त्याचा काका सिद्कीया.

सिद्कीयानेही बंड केलं. या वेळी बाबेलने हात राखला नाही. लाखीश या किल्ल्याच्या जागी १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, ती याच काळातली. एका पत्रात कुणी हाताखालचा अधिकारी वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या खुणेच्या आगीवर डोळा ठेवून आहोत, कारण अजेकाची खूण आता दिसत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर म्हटलेलंच आहे, की तटबंदीच्या गावांत ही दोनच तेवढी उरली होती. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर इ.स.पू. ५८६ मध्ये (काही अभ्यासक ५८७ धरतात) जेरुसलेम पडलं. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. सेनापती नबूजरदान याने जेरुसलेममधलं, शलमोन राजाने बांधलेलं मंदिर जाळलं. उरलेल्या बाबेली बखरींत मात्र ही घटना नाही, कारण त्या ५९४ नंतर पुढे तुटतात. जेरुसलेमच्या मातीतला जळका थर आणि त्यातली बाणांची टोकं ही साक्ष तेवढी आहे.

किती लोक नेले? राजांच्या पुस्तकात पहिल्याच खेपेला दहा हजार म्हटले आहेत. यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांचे मिळून ४६०० होतात. आकडा कुठलाही घ्या, सगळा देश काही उचलून नेला नव्हता. राजघराणं, पुरोहित, कारागीर, लिहिणारे-वाचणारे गेले आणि गरीब शेतकरी मागे राहिले.

इथेच अश्शूर आणि बाबेल यांच्या रीतीतला फरक कामाला आला. बाबेलला युद्धांत ओस पडलेला दक्षिणेकडचा मुलूख पुन्हा लागवडीखाली आणायचा होता, नहरी उपसायच्या होत्या. म्हणून त्याने बंदिवान गावागावाने एकत्र वसवले. यहूदाचं गाव त्यातलंच एक, आणि सूर शहराच्या लोकांचं वेगळं गाव. यहूदाच्या रिकाम्या जागी बाहेरची प्रजाही आणून बसवली नाही. एकत्र राहिलेली माणसं आपली भाषा, आपला शनिवारचा शब्बाथ आणि आपली गाऱ्हाणी टिकवू शकली. नबुखद्नेस्सराच्या मनात यहूदी धर्म वाचवायचं काडीइतकंही नव्हतं. त्याला जव आणि खजूर हवे होते.

खुद्द यहोयाखीन राजाचं काय झालं तेही ठाऊक आहे. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन उत्खननकर्त्याने १८९९ पासून बाबेल खणायला घेतलं. राजवाड्याच्या तळघरात सापडलेल्या पाट्यांवर शिधावाटपाचा हिशेब होता. १९३९ साली एर्न्स्ट वाइडनर यांनी तो वाचला, तेव्हा त्यात यहूदाचा राजा याउकिन आणि त्याचे पाच मुलगे यांना तेल दिल्याची नोंद निघाली. बायबल म्हणतं, की नंतरच्या राजाने त्याला बंदिवासातून काढून मरेपर्यंत आपल्या पंक्तीला जेवू घातलं. अशीच एक भेट २००७ साली घडली. मिखाएल युर्सा ब्रिटिश म्युझियममध्ये एक बारकी पाटी वाचत होते. इ.स.पू. ५९५ मध्ये नबो-सर्सेकिम नावाच्या बड्या अधिकाऱ्याने देवळाला दीड मिना, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास सोनं पाठवलं, त्याची ती पावती. हाच अधिकारी यिर्मयाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात जेरुसलेमच्या वेशीत बसलेला दिसतो.

आता या यिर्मयाकडे वळू. भविष्यवाणीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. संदेष्टा म्हटला की पोपटवाला जोतिषी किंवा वर्षफल सांगणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. यिर्मया तसा नव्हता. त्याचं बहुतेक बोलणं उद्या काय होईल यापेक्षा आज काय करा याविषयी आहे. त्याचं म्हणणं एकच: बाबेलपुढे मान तुकवा, नाहीतर शहर जाईल. हे सांगायला तो मानेवर लाकडी जू घालून लोकांपुढे आला. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते जू सर्वांसमक्ष मोडून, दोन वर्षांत बाबेलचा जोर संपेल असं जाहीर केलं. लोकांना हनन्या आवडला, यात नवल नाही. यिर्मयाला फितूर ठरवून चिखलाच्या आडात सोडलं. एबद-मलेख या कुशी सेवकाने दोर सोडला, आणि दोर काचू नये म्हणून काखेत धरायला जुनेर चिंध्याही सोडल्या. इतका बारीक तपशील सहसा कुणी कल्पनेने लिहीत नाही, असं माझं मत.

याच यिर्मयाने ५९७ मध्ये नेलेल्या लोकांना बाबेलला पत्र पाठवलं. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय. शत्रूच्या राजधानीसाठी प्रार्थना करायला सांगणारा दुसरा देशभक्त त्या काळात दाखवता येणार नाही. आणि वेढा चालू असताना त्याच गृहस्थाने अनाथोथ गावचं चुलतभावाचं शेत सतरा शेकेल चांदीला विकत घेतलं. खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, साक्षीदार घातले आणि त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. देश बुडत असताना जमीन घेणं हे वेडेपण. पण पुढेमागे इथे पुन्हा घरं-शेतं विकत घेतली जातील, हे सांगायला त्याला याहून चांगली रीत सुचली नसावी. आल-याहुदूच्या पाट्या वाचल्यावर कळतं, की पत्रातला सल्ला लोकांनी अक्षरशः पाळला.

तरीही ‘भाकितं खरी ठरली का’ हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. काही ठरली, काही जशीच्या तशी ठरली नाहीत. यिर्मयाने बाबेलच्या सत्तेला सत्तर वर्षं दिली होती. ६०५ ते ५३९ मोजलं तर ६६ होतात. मंदिर जळालं त्या ५८६ पासून दुसरं मंदिर उभं राहिलं त्या ५१६ पर्यंत मोजलं तर बरोबर ७०. श्रद्धावान दुसरा हिशेब धरतात, इतिहासकार सत्तर ही एका आयुष्याची गोळाबेरीज समजतात. यहेज्केल हा पुरोहित स्वतः बंदिवानांपैकी, खबार नावाच्या नहरीकाठी राहणारा. त्याने नबुखद्नेस्सर सूर शहर धुळीला मिळवील असं सांगितलं. सूर तेव्हा पडलं नाही. यहेज्केलच्याच पुस्तकात पुढे नोंद आहे, की राजाला सूरच्या कामाची मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याला मिसर दिला जाईल. चुकलेलं भाकीत पुस्तकातून काढून न टाकता तसंच ठेवणाऱ्या संपादकांबद्दल आदर वाटतो.

बाबेलचं स्वतःचं मरणही संदेष्ट्यांनी आग, रक्त आणि ओसाडीच्या शब्दांत रंगवलं होतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर ५३९ मध्ये पर्शियाचा कोरेश, म्हणजे इंग्रजीतला सायरस, जवळजवळ लढाईशिवाय शहरात शिरला. शहर त्यानंतरही काही शतकं नांदलं आणि हळूहळू झिजत गेलं. कोरेशने बंदिवानांना परत जाऊन मंदिर बांधायची मोकळीक दिली, म्हणून यशयाच्या पुस्तकात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलं आहे. यहूदी नसलेल्या माणसाला हा मान तिथे दुसऱ्या कुणाला नाही. १८७९ साली होर्मुझ्द रस्सम यांना बाबेलमध्ये सापडलेला कोरेशचा मातीचा दंडगोल २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवायला आणला होता. त्यावर यहूद्यांचा उल्लेख नाही, हे पुष्कळांना तिथे उभं राहून वाचल्यावरच कळलं असेल. देवतांच्या मूर्ती आणि लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं तो सर्वसाधारणपणे सांगतो.

दानीएलच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. बहुतेक अभ्यासक ते इ.स.पू. १६५ च्या आसपासचं मानतात, म्हणजे बाबेल पडल्यानंतर पावणेचारशे वर्षांनी ते आजच्या रूपात आलं. त्यात बेलशस्सर हा नबुखद्नेस्सराचा मुलगा होतो. प्रत्यक्षात तो शेवटचा राजा नबोनिदस याचा मुलगा होता. पण असा माणूसच नव्हता म्हणणारेही तोंडघशी पडले, कारण एकोणिसाव्या शतकात नबोनिदसच्या लेखांत त्याचं नाव निघालं. आणि नव्या करारातल्या प्रकटीकरणात जिच्या नाशाचा जल्लोष आहे ती ‘बाबेल’ म्हणजे रोम. मंदिर दुसऱ्यांदा जाळणाऱ्या शहराला पहिल्या जाळणाऱ्याचं नाव दिलं.

या सगळ्याचा मराठी मुलखाशी संबंध आहे, आणि तो एका भाजीतून पोहोचतो.

कोकणातले बेने इस्रायल यहूदी स्वतःची कथा सांगतात ती अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या-ग्रंथ बुडाले. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर ही गावावरून पडलेली आडनावं. हिब्रू जवळपास विसरलेले हे लोक काही सण-उपास मराठी नावांनी पाळत राहिले, आणि त्यातला एक म्हणजे बिरड्याचा रोजा. आब महिन्याच्या नवव्या दिवसाचा, मंदिर जळाल्याच्या सुतकाचा हा उपास. या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं. एका साम्राज्याने केलेल्या जाळपोळीची आठवण कोकणातल्या चुलीवर टिकली.

यात इतिहासाचं एक कोडंही आहे. हनुक्का हा सण इ.स.पू. १६४ मधल्या घटनेचा, आणि तो बेने इस्रायलांना पूर्वी माहीत नव्हता. त्यावरून त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत असं काही जण म्हणतात. रोमनांनी दुसरं मंदिर जाळलं ते इ.स. ७० मध्ये, आणि त्याचंही सुतक याच दिवशी धरतात. पूर्वज खरोखर आधी निघाले असतील, तर बिरड्याचा रोजा हा रोमचा नव्हे, निव्वळ बाबेलचा उपास ठरतो. तसं शक्य आहे, कारण जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, म्हणजे रोमच्या कितीतरी आधी, पाचव्या महिन्याच्या या उपासाचा उल्लेख आहे. उलट बाजूचे अभ्यासक म्हणतात, की हे उपास नंतर कोचीनकडून आलेल्या शिक्षकांनी शिकवले असतील. मला पहिलं मत मोहक वाटतं, पण पुरावा म्हणून ते पुरेसं नाही. बाहेरून शिकवलेला उपास लोकांनी इतका घरचा करून टाकला असेल, तर तेही कमी नवलाचं नाही.

दुसरी गंमत अशी, की ज्या आब महिन्यात हे सुतक पाळतात तो महिनाच बाबेलचा आहे. निसान, तम्मूज, आब, एलूल, तिश्री हे सगळे बंदिवासात उचललेले बाबेली महिने. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून चांद्र वर्ष ऋतूंशी जुळवायचा बाबेली हिशेबही यहूदी पंचांगात आहे. आपल्या पंचांगातल्या मेष-वृषभादी राशीही मूळ बाबेलच्याच, ग्रीकांच्या हातून इकडे आलेल्या. तेव्हा बाबेलला नावं ठेवताना थोडं जपून.

कोरेशने वाट मोकळी केली तरी बरेच यहूदी परत गेलेच नाहीत. नहरीकाठची घरं-मळे सोडून डोंगरात कोण जाणार! पुढे कितीतरी शतकं बाबेल हे यहूदी विद्येचं मोठं केंद्र राहिलं आणि बाबेली तालमूद हा ग्रंथ तिथेच घडला. नंतर त्या मुलखाची राजधानी बगदाद झाली. तिथल्या यहूद्यांच्या पुढाऱ्याच्या घरात १७९२ साली जन्मलेला डेव्हिड ससून १८३० च्या दशकात मुंबईत येऊन व्यापारात प्रचंड मोठा झाला. त्यात अफूचा वाटा मोठा होता, हेही सांगून टाकावं. त्याचं घराणं आणि त्याच्यामागून आलेले बगदादी यहूदी स्वतःला त्या बंदिवानांचेच वंशज मानत. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू आणि पुण्यातलं ओहेल डेव्हिड ही सिनेगॉगं त्यांची. पुणेकर त्या शेवटच्याला लाल देऊळ म्हणतात. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारला आणि त्याची कबर त्याच आवारात आहे.

खिळाक्षरं वाचता येऊ लागली त्यातही मुंबईचा धागा आहे. हेन्री रॉलिन्सन १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात आला. पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावरचा तीन भाषांतला लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवला आणि १८५१ मध्ये त्यातला बाबेली भाग प्रसिद्ध केला. ती गुरुकिल्ली नसती तर बखर, शिध्याचा हिशेब, आल-याहुदू, काहीच वाचता आलं नसतं.

मराठी वाचकाला हे सगळं मुळातून पाहायला इंग्रजीची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांच्या पश्चात, निघालं. बायबल सोसायटीची मराठी प्रत तर कुठल्याही मिशनच्या दुकानात मिळते. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर वंशावळ्यांत अडकायला होतं. म्हणून आधी दुसऱ्या राजांच्या पुस्तकातले शेवटचे दोन अध्याय वाचा, मग यिर्मयाचे सत्तावीस ते बत्तीस आणि अडतीस-एकोणचाळीस, आणि शेवटी बंदिवासाबद्दलचं स्तोत्र १३७, शेवटच्या ओळीपर्यंत. गाण्यांतून गाजलेला त्या स्तोत्राचा भाग सुरुवातीचा असतो. शेवटच्या ओळी इतक्या भयंकर आहेत की प्रार्थनेत त्या बहुधा गाळतात.